पाण्याचा रक्तदाब

१

ऑपरेशन झकास झालं होतं. फक्त पेशंट परत आला नव्हता.

म्हणजे देहानं आला होता. वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसला होता, चमच्यानं भरवलं तर गिळत होता. आतड्यातली गाठ निघाली होती, टाके कोरडे होते, अंगात ताप नव्हता. पण जन्मभर लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करून देणारा हा घड्याळजी स्वतःच कुठंतरी थांबला होता. बसस्टॉपवर शेजारी उभ्या राहिलेल्या परक्या बाईकडे पाहावं, तसा तो पोटच्या मुलीकडे पाहत होता.

"बाबा, मी. छकुली."

घड्याळजीनं मान हलवली, पण ती नुसती सभ्यतेची. मुलगी उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली.

खाटेच्या पायथ्याशी मोठ्या बाई उभ्या होत्या. सगळं हॉस्पिटल त्यांना मोठ्या बाईच म्हणायचं. उंचीनं बेताच्या, जिभेनं तिखट, आणि उभी हयात माणसांना भूल देण्यात घालवलेल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी एका गोष्टीचं नवल त्यांच्या मनातून ओसरलं नव्हतं. मूठभर हृदय, आणि ते न थकता, न कुरकुरता रक्त चढणीवरून थेट डोक्यापर्यंत पोचवतं. माणूस उभा राहिला की चढण वाढते, आडवा झाला की नाहीशी होते, आणि हा सगळा हिशोब शरीर परस्पर सांभाळतं. भूल दिली की ती सांभाळणारी यंत्रणा पेंगायला लागते आणि राखण भूल देणाऱ्याकडे येते. अनोळखी माणूस आपल्यासमोर निवांत डोळे मिटतो, याहून मोठा विश्वास जगात नाही, असं बाई म्हणायच्या. म्हणताना अजूनही त्यांच्या अंगावर काटा यायचा.

"बाई, हा तिसरा," विभागप्रमुख हलक्या आवाजात म्हणाला. तो एके काळचा त्यांचा विद्यार्थी. आता केस पांढरे झाले होते, पण बाईंसमोर तो अजूनही हात मागे बांधून उभा राहायचा.

ऑपरेशन चालू असताना रक्तदाब किती राखावा, सगळ्यांना एकच आकडा चालतो की ज्याचा त्याचा रोजचा दाब सांभाळायचा, यावर त्याच्या विभागात मोठा अभ्यास चालू होता. अभ्यासात काही वावगं घडत नाही ना, हे पाहायला बाहेरचा एक डोळा लागतो. तो डोळा म्हणजे मोठ्या बाई.

"तिघंही उतारवयातले," प्रमुख सांगू लागला. "पहिल्याची मूत्रपिंडं रुसली, आता कुठं सावरतायत. दुसऱ्या आजी भ्रमात गेल्या, आठवड्यानं माणसात आल्या. आणि हे घड्याळजी. तिघंही दोन नंबरच्या थिएटरमधले. तिघांना भूल देणारी एकच."

"कोण?"

"चिमणी. आपली धाकटी भूलतज्ज्ञ. बाई, कापाकापी चालू असताना तीन-तीन तास दाब एकदाही ढळलेला नाही. मशीनच नोंद करतं. रेघ अगदी सरळ."

"सरळ? माणसाची रेघ आहे की भिंतीची?"

प्रमुख हसला नाही. "संध्याकाळी समिती बसतेय. तिनं राजीनामा लिहून ठेवलाय. तो घेतला की पुन्हा कुणी तिच्या हाती पेशंट देणार नाही. मला ते नको आहे. पण काय करू? तिच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा मी स्वतःच आहे."

२

"मधे एकदा ती तापानं घरी होती," प्रमुखानं आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. "त्या दिवशी दोन नंबरमध्ये भूल मी दिली. पेशंट वयानं या घड्याळजींएवढाच. मशीन तेच, औषधं तीच, सर्जन तोच, ऑपरेशनही तसलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गृहस्थ वॉर्डात चहा गार असल्याबद्दल भांडत होता. बदललं काय होतं? फक्त भूल देणारा हात."

"वा! अगदी पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. फक्त पुस्तकातल्या उदाहरणात सगळी माहिती दिलेली असते, बाबा. इथं काय काय द्यायचं राहिलंय, ते आपल्याला ठाऊक नाही."

दार वाजलं. चिमणी आत आली ती धापा टाकतच. बांधा इवलासा, डोळे रडून सुजलेले. "सॉरी, बाई. हे घड्याळ मागे पडतं हल्ली."

"बस. आणि तू जा रे बाहेर. तू असलास की ही खरं बोलेल, पण अर्धंच."

प्रमुख निमूटपणे गेला.

"मॉनिटर सोडून कुठं गेली होतीस?"

"नाही, बाई."

"डुलकी? फोन?"

"आईची शपथ, नाही."

"मग आकडा काय सांगत होता?"

"पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर. सरासरी दाब तेवढा राखायचा होता, तेवढाच राखला. मनगटाच्या धमनीत बारीक नळी होती, प्रत्येक ठोक्याचा दाब समोर दिसत होता."

"मग तुला खटकलं काय? काहीच खटकलं नसतं, तर तू राजीनामा लिहिला नसतास, भांडली असतीस."

चिमणीनं खाली पाहिलं. "माझी बोटं. दुसऱ्या मनगटावर मी अधूनमधून नाडी बघते, सवयच आहे. ती बारीक लागत होती. लघवीही कमी उतरत होती. पण समोर आकडा ठणठणीत! मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकतंय. बाई, मला आता माझ्या हातांचाच भरवसा वाटेनासा झालाय. काल घरी आई ब्लड प्रेशर बघून दे म्हणाली, तर मी बाहेर निघून गेले."

बाईंनी चेहरा कोराच ठेवला. "दंडावरचा पट्टा होता ना? तो काय म्हणत होता?"

"सुरुवातीला दोन्ही जुळवून बघितले. एकदम बरोबर. मग पट्टा बंद केला. तो सारखा फुगतो, असिस्टंटच्या पोटाला लागतो. आणि अभ्यासात धमनीतलाच दाब धरायचा, असं ठरलंय."

"पुढं?"

"पुढं काही नाही. शेवटी दाब पडतो, तेवढंच. टाके घालून झाले, हिरवी कापडं काढली, की एकदम वीस-बावीसनं खाली. मी औषध देते, मग सावरतो. सगळे म्हणतात, कापाकापी थांबली की पडायचाच."

"पडतो. पण हळूहळू पडतो, जिना उतरल्यासारखा. तुझा तर माळ्यावरून उडी मारतोय!" बाई पुढं झुकल्या. "या तिघांचाच पडला?"

चिमणी आठवू लागली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"नाही, बाई. हल्ली दोन नंबरमध्ये सगळ्यांचाच पडतो. जे ठणठणीत घरी गेले त्यांचाही. पण ते तरुण होते."

३

दोन नंबरचं थिएटर त्या वेळी मोकळं होतं. पोलादी टेबल, वर मोठा दिवा, भिंतीशी काचेची कपाटं. टेबलाशेजारी लाकडी स्टुलावर चढून सिस्टर दिव्याची मूठ पुसत होती. बाईंना पाहून ती कण्हतच खाली उतरली.

"गुडघे गेले हो माझे, बाई. आयुष्यभर जमिनीवर उभी राहून काम केलं, आता म्हातारपणी स्टुलावर चढायची पाळी आली. असिस्टंटलाही स्टूल, मलाही स्टूल. सर्कशीतल्यासारखं वाटतं."

"एक नंबरमध्ये जा बदलून."

"तिथं जागा कुठंय? तिथले सर्जन माझ्याएवढेच, काम कसं आरामात चालतं."

तेवढ्यात दारातून डोकं वाकवून सर्जन आत आला. त्याला सगळे जिराफ म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि त्यालाही ते आवडायचं. बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. खऱ्या जिराफाचा रक्तदाब माणसाच्या दुप्पट असतो, असं त्या विद्यार्थ्यांना सांगत. एवढी मान चढून मेंदूला रक्त पोचवायचं, म्हणजे हृदयालाही कंबर कसावी लागते.

"बाई, चिमणीवर मी आळ घेणार नाही," जिराफ म्हणाला. "उलट तिच्या हातात जादू आहे. हल्ली माझी ऑपरेशनं इतकी कोरडी होतात की विचारू नका. पोट उघडलं की पूर्वी रक्त टिपता टिपता नाकी नऊ यायचे. आता सगळं स्वच्छ दिसतं."

"हल्ली म्हणजे?"

"गेले दोनेक महिने. ग्रहच फिरलेत. ऑपरेशनं कोरडी आणि कंबरदुखीही पळाली. बायको फिजिओथेरपिस्ट, तिनं कान उपटले. 'वाकून वाकून चाळिशीतच काठी घेशील,' म्हणाली. तिचं ऐकलं आणि सुटलो. घरच्यांचं कधीतरी ऐकावं माणसानं."

"ऐकावं की," बाई म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष आता कोपऱ्यातल्या नव्या मशीनकडे होतं. अभ्यासासाठी आणलेलं, चाकांच्या स्टँडवर बसवलेलं. स्टँडच्या दांडीवर काडेपेटीएवढी डबी लावलेली होती. धमनीतली नळी खारट पाण्यानं भरलेली असते आणि तिचं दुसरं टोक या डबीत येतं. डबीला जे जाणवतं, तोच पडद्यावर आकडा होतो.

मशीन सांभाळणारा तंत्रज्ञ पाठीमागं येऊन उभा राहिला होता. तो गडबडीनं म्हणाला, "मशीन तीनदा तपासलंय, बाई. दोष नाही. माझ्यावर नका ढकलू."

"ढकलत नाही. ही डबी पूर्वी टेबलाच्या कडेला असायची ना?"

"असायची. पण नव्या मशीनची वायर तिथवर पोचेना. शिवाय कुणाचा ना कुणाचा गुडघा लागायचा. म्हणून मीच ती स्टँडवर घेतली. ऑपरेशनच्या आधी हृदयाच्या उंचीला लावून शून्य करून देतो, एक सुताचाही फरक नसतो. आणि एक नंबरमध्येही अगदी तसंच आहे. तिथं कुणाला काही झालं का? विचारा!"

बाईंनी विचारलं. तिथं कुणाला काही झालं नव्हतं. हाती लागलेलं सूत तटकन तुटावं तसं झालं.

४

बाई प्रमुखाच्या खोलीत परतल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. टेबलावर चिमणीचा राजीनामा पेपरवेटखाली होता.

डबी दोन्ही खोल्यांत सारखी, मशीन सारखं. मग दोन नंबरमध्येच का? आणि तिथंही प्रमुखाचा पेशंट कसा वाचला? कोरडी ऑपरेशनं, पळालेली कंबरदुखी, दुखरे गुडघे, शेवटी धपकन पडणारा दाब. बाई एकेक गोष्ट मनात उलटीपालटी करत होत्या. रक्त कमी वाहतं, कारण दाब कमी असतो. हे भूलशास्त्रातलं पोरही सांगेल. म्हणजे चिमणीची बोटं खरं बोलत होती, लघवी खरं बोलत होती, आणि कोरडं पोटही. खोटं बोलत होता तो एकटा आकडा. पण निर्दोष मशीन खोटं बोलेल कसं?

"अरे," त्यांनी एकदम विचारलं, "तू भूल दिलीस त्या दिवशी जिराफ कसा होता?"

"कसा म्हणजे? वैतागलेला. आदल्या दिवशी जिन्यात पाय मुरगळला होता त्याचा. उभं राहवेना, म्हणून स्टुलावर बसून केलं ऑपरेशन."

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "रक्त?"

"बरंच गेलं. तो कुरकुरत होता, म्हणाला, चिमणी असती तर कोरडं ठेवलं असतं."

"आणि शेवटी दाब धपकन पडला?"

"नाही, मुळीच नाही." प्रमुख त्यांच्याकडे पाहतच राहिला. "बाई, तुम्ही हसताय का?"

"हसत नाही रे. चाळीस वर्षं जे पाहून थक्क होत आले, तेच समोर उभं होतं आणि मला ओळखू येईना!" बाई उठल्या. "समितीला दोन नंबरमध्ये बोलाव. जिराफ, सिस्टर, तंत्रज्ञ, चिमणी, सगळे हवेत. आणि सलाईनची एक पिशवी माग."

"आणि पेशंट?"

"तोच मागितला ना आत्ता."

५

संध्याकाळी दोन नंबरमध्ये सगळे टेबलाभोवती जमले. चिमणी दाराशी, निघायच्या तयारीत. टेबलावर जिथं माणसाची छाती येते तिथं सलाईनची पिशवी आडवी ठेवलेली होती. तिच्यातून निघालेली नळी स्टँडवरच्या डबीत गेली होती.

"हा आपला पेशंट," बाई म्हणाल्या. "याला हृदय नाही, रक्त नाही, भूल द्यायची गरज नाही. नुसतं पाणी. तंत्रज्ञ, रोजच्यासारखी डबी लाव आणि शून्य कर."

त्यानं केलं. पडद्यावर शून्य आलं.

"चिमणी, तू दाराशीच थांब. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको. प्रमुखसाहेब, तुम्हीही हात बांधा. आता जिराफ, तू ये. कापडं टाकून झाली, सुरी हातात घ्यायची वेळ झाली. हल्ली तू काय करतोस ते कर."

जिराफ पुढं झाला. त्यानं सवयीनं पायाशी असलेलं बटण दाबलं. मोटरची गुणगुण सुरू झाली आणि टेबल पिशवीसकट वर जाऊ लागलं. त्याच्या कोपरापर्यंत आल्यावर त्यानं पाय काढला. सिस्टर सवयीनं स्टुलावर चढली, आणि चढल्याबरोबर तिनं पडद्याकडे पाहिलं.

"अगं बाई!"

पडद्यावर बावीसचा आकडा होता.

पाण्याची पिशवी निपचित पडली होती. तिला कुणी हात लावला नव्हता, औषध दिलं नव्हतं, आणि तिचा दाब बावीसनं चढला होता. जे सगळ्यांनी कॉलेजात शिकून परीक्षेत लिहिलं होतं, ते डोळ्यांसमोर घडताना पाहून समितीतले पिकल्या केसांचे डॉक्टरही शाळकरी पोरांसारखे पडद्याला डोळे लावून उभे होते.

"टेबल वर गेलं, डबी जमिनीवरच्या स्टँडवर राहिली," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आता नळीतलं पाणी डबीवर उभं आहे. फूटभर पाण्याचं ओझं. डबी बिचारी जे अंगावर येतं ते सांगते, रक्ताचा जोर कुठला आणि पाण्याचं वजन कुठलं, तिला काय ठाऊक! घड्याळजींच्या वेळी पडद्यावर पंचाहत्तर होते. त्यातले बावीस या पाण्याचे. त्यांच्या मेंदूला आणि मूत्रपिंडांना मिळत होते जेमतेम त्रेपन्न, तेही तीन तास. तरुणांनी सोसलं, म्हाताऱ्यांना सोसवलं नाही. आता टेबल खाली घे."

टेबल उतरलं. बावीस, पंधरा, सहा, शून्य.

"हा तुमचा शेवटी पडणारा दाब. तो पडत नव्हता; टेबल उतरल्यावर कुठं खरा आकडा दिसायचा. पट्टा सुरुवातीला जुळला, कारण तेव्हा टेबल खालीच होतं. मग टेबल चढलं की आकडाही चढायचा, तो सुरी लागल्यामुळे चढला असं तुम्हाला वाटायचं. एक नंबरमध्ये डबी अशीच आहे, पण तिथला सर्जन बेताचा, टेबल चढतच नाही. आणि प्रमुखसाहेब, तुमच्या पेशंटला तुमच्या हातानं नाही वाचवलं. जिराफाच्या मुरगळलेल्या पायानं वाचवलं. तो बसला, म्हणून टेबल खाली राहिलं."

प्रमुखाचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे माझा पुरावा..."

"तिच्याच बाजूचा होता."

जिराफानं बटणाजवळचा पाय मागे घेतला. "माझ्या कंबरेपायी," तो पुटपुटला. "बाई, मी बटण दाबत होतो आणि..."

"तू कंबर जपलीस. यानं डबीला धक्का लागू नये म्हणून ती जपली. दोघांनीही चांगलंच केलं. एकट्यानं केलं असतं तर कुणाचा केसही वाकडा झाला नसता. दोन्ही चांगली कामं एका खोलीत भेटली आणि त्यांनी तीन माणसं भरडली." बाईंनी दाराकडे पाहिलं. "चिमणे, इकडं ये. तुझी बोटं खरी होती. चूक तुझी एकच. एक साक्षीदार एक सांगतोय, दुसरा दुसरंच, अशा वेळी तिसऱ्याला घरी पाठवायचं नसतं. पट्टा चालू ठेवायचा."

चिमणी पुढं आली. तिनं पिशवीवर हात ठेवला आणि तिला रडू कोसळलं. प्रमुखानं खिशातून तिचा राजीनामा काढून तिच्यासमोर धरला. तिनं तो घेऊन फाडला, पण डोळे पुसून लगेच म्हणाली, "सर, वॉर्डात सांगायला कोण जाणार?"

"मी जाईन. माझा विभाग आहे."

"तुम्ही या. पण सांगणार मी. त्यांनी डोळे मिटले तेव्हा समोर मी होते."

६

घड्याळजीच्या मुलीनं सगळं उभ्यानंच ऐकून घेतलं. चिमणीनं एकही शब्द गाळला नाही, एकही सजवला नाही. टेबल, डबी, पाणी, बंद केलेला पट्टा, बोटांना लागलेली बारीक नाडी.

"तुम्हाला कळलं होतं," मुलगी म्हणाली.

"हो. बोटांना कळलं होतं, आणि मी त्यांचं ऐकलं नाही."

"मग मी आता काय म्हणू? जाऊ द्या म्हणू?"

"नका म्हणू," चिमणी म्हणाली.

मुलीनं वाकून बाबांचं पांघरूण सारखं केलं. प्रमुख मान खाली घालून उभा होता. मोठ्या बाई दाराशीच थांबल्या होत्या. कोडं सुटलं होतं, पण या खाटेपाशी त्या सुटण्याला काही किंमत नव्हती, हे त्यांना कळत होतं.

चिमणी खाटेच्या कडेला बसली. काय करावं ते न सुचून तिनं सवयीनं घड्याळजीचं मनगट हातात घेतलं आणि नाडीवर बोटं ठेवली. नाडी भरलेली होती, ठसठशीत. ती स्वतःच्या घड्याळाकडे पाहत ठोके मोजू लागली.

घड्याळजीची नजर त्या घड्याळावर गेली आणि तिथंच थांबली. त्यानं कान तिच्या मनगटाजवळ नेला. कपाळावर एक बारीक आठी पडली.

"मागे पडतंय हे," तो म्हणाला.

चिमणीचं ठोके मोजणं राहून गेलं.

"हो," चिमणी म्हणाली. "मागे पडतं हल्ली."

"आत तेल वाळलंय. तरी तुम्ही याच्यावर विसंबता?" त्यानं मान वळवली. समोर उभ्या असलेल्या बाईकडे त्यानं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग किंचित चिडून म्हणाला, "बघत काय उभी राहिलीस, छकुले? माझी पेटी आण."